तुलो म्हणणारे झॉम्बी

...आणि वर मलाच म्हणतात, "तू मेल्यासारखा वाटत नाहीस!"

मला! लिवाईला! अहो, ज्याच्या सख्ख्या भावाला जाऊन तीन महिने पुरे झाले नव्हते, जो सकाळी उठून चहात साखरेऐवजी मीठ घालत होता आणि तो चहा पीतही होता, तो मेल्यासारखा वाटत नाही? आणि सांगणारा कोण, तर डंकन! डंकन म्हणजे ऑकलंडहून आलेला शूटिंगचा मुकादम. गळ्यात शिट्टी, नाकावर पांढरं मलम, आणि दिवसभर बोंब. "ए केसाळ! खांदा पाड! मान वाकडी कर! झॉम्बी आहेस तर झोंब की त्याला, लग्नाच्या पंगतीला आल्यासारखा काय चालतोस?" आणि मागच्या चाळीस मेलेल्यांतून एक आवाज येतो, "साहेब, त्याला ओरडू नका, त्याचा चेहरा मूळचाच असा आहे! काल आम्ही त्याचा मेकअप पुसायला गेलो, तर पुसलाच जाईना!" की लगेच चाळीसच्या चाळीस मेलेले पोट धरून हसायला मोकळे.

हा आवाज रुसिआतेचा. रुसिआते आमचा तौवू. आणि तौवूवर रागवायचं नाही!

तुम्हाला सांगतो, हे तौवूचं नातं ज्याने शोधून काढलं त्याला एकदा भेटायचंय मला. एकाच बेटावर आमचं गाव नावुनिवी, त्यांचं द्रालेका, मध्ये एक खाडी. कुठल्या तरी काळी म्हणे दोन्ही गावांचे मूळपुरुष एकाच देवाचे नातू निघाले. निघाले तर निघाले, घरी बसायचं की नाही? नाही! तेव्हापासून ठरलंय, की द्रालेकावाल्याने आमच्या घरात शिरावं, चुलीवरचं भांडं उचलावं, मला माझ्या आईसमोर डुकराचा जावई म्हणावं, आणि मी काय करायचं? हसायचं! फार तर खाडी ओलांडून त्याची कोंबडी उचलून आणायची. पण रागवायचं नाही. जो रागावला तो हरला, आणि नुसता तो नाही, त्याचं अख्खं गाव हरलं. माझा मोठा भाऊ मेसुलामे आणि हा रुसिआते, दोघे एका वयाचे, दोघे एका शाळेतून एकाच दिवशी पळालेले. मेसूदादाने त्याची होडी चुलीत घातली, याने दादाच्या लग्नात नवरदेवाची लुंगी पळवली. दादा अख्खं लग्नभर टेबलाच्या मागे उभा होता हो! आणि हसत होता. मला ते कधीच जमलं नाही. मला राग पटकन येतो, आणि आला की कानापर्यंत येतो.

तर दोन वर्षांपूर्वी हे टीव्हीवाले आले. आमच्या किनाऱ्यावर एक बंद पडलेलं हॉटेल आहे, खिडक्या फुटलेल्या, पोहायच्या तलावात बेडूक. त्यांना म्हणे नेमकं असंच हॉटेल हवं होतं. गोष्ट काय, तर रोगाने सगळं जग मेलं, मेलेले परत उठले, आणि कॅप्टन नावाचा एक गोरा, त्याची बहीण आणि चार माणसं त्या हॉटेलात लपून बसली. जिवंत माणसं सगळी विमानाने आणली. मेलेली इथेच भरती केली.

चाळीस जण घेतले. वीस आमचे, वीस द्रालेकाचे. कोणी घेतले, कशाला घेतले, एकाच कढईत ही दोन गावं कशाला घातली, देव जाणे! आणि नियम एकच. झॉम्बीच्या पोटात गोळी लागली तरी चालतं, हात तुटला तरी चालतं, पण डोक्यात गोळी लागली की संपला. दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस. म्हणजे बघा, टीव्हीवर लोकांना वाटतं की कॅप्टन वाचतोय की नाही ही लढाई आहे. अहो, कॅप्टनला काय धाड भरलीय, त्याचा चार वर्षांचा करार आहे! खरी जीव वाचवायची मारामारी आमची! कॅप्टनने बंदूक उचलली रे उचलली, की चाळीस मेलेले एकमेकांच्या मागे लपतात. आणि मेसूदादा त्यात वस्ताद. गोळी सुटायच्या बेताला तो रुसिआतेला कोपराने असा हळूच पुढे सारायचा... ठो! "अरेरे," दादा म्हणायचा, "गेला बिचारा, चांगला होता!" चौथ्या भागात रुसिआते मेला. मेकअपवाल्या ब्रॉन्विनबाईच्या हातापाया पडून जबडा लोंबता लावून परत आला. सहाव्यात मेला. एक डोळा काढून परत आला. आठव्यात तिसऱ्यांदा मेला, तरी परत आलाच! आणि दादा? पिवळा शर्ट, त्यावर लाल जास्वंदीची फुलं, भागामागून भाग जिवंतच. म्हणजे मेलेलाच, पण जिवंत. तिकडे परदेशात लोक त्याला 'पिवळा शर्ट' म्हणूनच ओळखायला लागले.

का ओळखायला लागले ते ऐका, तीही एक गंमतच.

आमच्याकडे बसलेल्या माणसासमोरून ताठ मानेने जायचं नाही. वाकायचं आणि म्हणायचं, तुलो. माफ करा, येऊ का, चुकलं माकलं, सगळं त्या एका शब्दात. आणि कोणाच्या डोक्यावरून हात न्यायचा असेल तर आधी तुलो, मग हात, मग ओंजळीची हलकी टाळी. हे शिकवावं लागत नाही, अंगातच असतं. आता दुसऱ्या भागात सीन असा, की कॅप्टन जखमी होऊन हॉटेलच्या दारात खाली बसलाय, आणि चाळीस भुकेली प्रेतं त्याच्यावर चालून येतात. डंकनने शिट्टी मारली. निघालो. गुरगुरत, पाय ओढत, लाळ गाळत... आणि कॅप्टनपाशी आलो आणि चाळीसच्या चाळीस जण कमरेत वाकलो! "तुलो... तुलो... तुलो..." करत एकेक जण अदबीने त्याच्या बाजूने आत! शेवटच्या म्हाताऱ्याने तर टाळीसुद्धा वाजवली.

"थांबा!" डंकन किंचाळला. "हे काय चाललंय? तुम्ही प्रेतं आहात! वाकताय कशाला?"

मेसूदादा म्हणाला, "साहेब, तो बसलाय ना."

"बसलाय! मग?"

"त्याला उभा करा. मग आम्ही त्याला आनंदाने खातो."

तीन दिवस लागले हो ती सवय मोडायला! सगळ्यांची मोडली, दादाची नाही. कॅप्टनच्या डोक्यावर पंजा टाकायचा, आणि दादाच्या तोंडून पार बेंबीपासून, "तुऽऽऽ... लोऽऽऽ..." आता मात्र डंकन त्याला हाकलणार, तेवढ्यात तो आवाज पकडणारा, कानाला डबे लावून बसतो तो, उडीच मारून उठला. म्हणे, असं भयानक गुरगुरणं जन्मात ऐकलं नाही! मग काय, उलटच झालं. सगळ्या झॉम्बींना हुकूम, तुलो म्हणा! आता तिकडे लंडन का कुठे, माणसं अंधारात एकमेकांना घाबरवायला तुलो म्हणतात म्हणे. कोणाला माहीत नाही, की आम्ही फक्त माफी मागत होतो.

एकटा रुसिआते कधी म्हणाला नाही. तो नुसता भुंकायचा. त्याला आयुष्यात तुलो म्हणता आलं नाही, तो आमच्या आजीच्या डोक्यावरून हात घालून पाव उचलतो आणि वर म्हणतो, "म्हातारे, जरा खाली बस!" आणि आजी काय करते? हसते. तौवू आहे ना... रागवायचं नाही!

मग तो मंगळवार.

मी थोडक्यात सांगतो. दादा भाला घेऊन प्रवाळाच्या बाहेर गेला मासे मारायला. मी होडीत. केळं खात होतो. तो खाली गेला की मी मोजायचो, आमचं नेहमीचंच होतं ते. त्याचा आकडा एकशेदहा. एकशेदहा झाले, म्हटलं, मला घाबरवतोय लेकाचा. दीडशे झाले. मी केळं टाकलं. दोनशे झाले. दोनशेच्या पुढे मला नीट मोजता येत नाही हो. मी पुन्हा एकपासून सुरुवात केली. तुम्हीच सांगा, दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी सापडला. आमची एक चुलत आत्या अख्खी प्रार्थना शवपेटीकडे टक लावून बसलेली, कारण तिने त्याला टीव्हीवर इतक्यांदा उठताना बघितलं होतं. पाद्री 'आमेन' म्हणाला तरी ती म्हणतेय, "थांबा जरा, घाई करू नका."

आणि अशा वेळी, चटया अंथरलेल्या, घरात मुंगीचा आवाज नाही, आणि दारात कोण? रुसिआते! थेट शूटिंगवरून! लोंबता जबडा, एक डोळा बाहेर, अंगभर रंगाचं रक्त! वाकणं नाही, तुलो नाही, सरळ सगळ्यांच्या डोक्यांवरून तंगड्या टाकत पेटीजवळ गेला, आणि छाती बडवून ओरडला, "चीटर! अरे चीटर! मी तीनदा मेलो, डंकनने एकदा शाबास म्हटलं नाही, आणि तू मला हरवायला खरोखरचा मेलास? एवढी हाव? एवढी हाव, मेसू?" आणि धाडकन पेटीशेजारी आडवा पडला. "सरक! मीही मरतो! बघू कोण चांगला मरतो!"

माझ्या मुठी वळल्या. उठलोच होतो. आणि आईचा आवाज ऐकला. दोन दिवस पाणी न प्यायलेली माझी आई... हसत होती! तोंडावर हात धरून, खांदे हलवून, डोळ्यातून पाणी काढून हसत होती. मग आत्या हसली. मग पाद्री. आणि हसता हसता आई रडायला लागली, पहिल्यांदाच, आणि मग सगळं घर रडायला लागलं. तेच तर तौवूचं काम असतं मयताला. मला कळत नाही असं नाही. पण जाताना त्याने खुंटीवरचा दादाचा पिवळा शर्ट काढला, खांद्यावर टाकला आणि चालता झाला!

तो शर्ट! दादाचा! न धुतलेला!

मी आईकडे बघितलं. आईने मान हलवली. रागवायचं नाही!

आता आमच्याकडे माणूस गेला की शंभर दिवस. दादा कोळी, म्हणून समुद्र शंभर दिवस बंद. मासे नाहीत, पोहणं नाही, पाय बुडवणं नाही. आणि मी केस कापायचे नाहीत. माझे केस म्हणजे असे साधे वाढत नाहीत, चारी दिशांना वाढतात. ऐंशीव्या दिवशी मी दारातून सरळ जाऊ शकत नव्हतो. समुद्र बंद, हाताला काम नाही, डोक्यात नुसता एक ते दोनशे आकडा फिरतोय. तेवढ्यात ब्रॉन्विनबाई घरी आली. म्हणाली, "लिवाई, पिवळा शर्ट शेवटच्या भागात हवाच आहे. तुझा चेहरा त्याच्यासारखा आहे. येशील?"

येशील? मी तिच्याआधी हॉटेलात पोचलो! कारण माझ्या मनात एकच होतं. दादा पाण्यातून वर आला नाही, ठीक आहे. पण टीव्हीवर पिवळा शर्ट अजून फिरतोय. तो मी फिरवणार. तो मरू देणार नाही. बाकी मला काही नको होतं, खरंच सांगतो.

तर तिथे काय, ब्रॉन्विनबाई वस्तरा घेऊन उभी. दादाचं डोकं गुळगुळीत होतं ना! मी म्हटलं, केस नाही कापणार. डंकन म्हणाला, पिवळ्या शर्टाला तीन महिन्यांत एवढे केस कसे येतील, मेलेल्याचे केस वाढतात का? आणि इतक्यात कोपऱ्यातून रुसिआते उठला. डोकं तुळतुळीत करून आलेला! अंगात शर्ट! म्हणाला, "साहेब, माप बघा, माझंच आहे जणू."

म्हणजे बघा! शर्ट त्याचा, भूमिका त्याची, आणि मी, सख्खा भाऊ, मागच्या रांगेत, 'ए केसाळ'! मी त्याला गाठला. म्हटलं, "निदान धू तरी तो शर्ट, घाण वास मारतोय!"

"नाही धूत," तो म्हणाला.

"कपडेवाली बाईसुद्धा मागे लागलीय तुझ्या!"

"नाही म्हटलं ना!" आणि जबडा लोंबवत निघून गेला. मला तेव्हा काही कळलं नाही. डोकं तापलेलं असलं की मला नंतरच कळतं.

मग आला तो कागद. शेवटच्या भागात काय होणार ते इंग्रजीत लिहून जेवणाच्या तंबूत चिकटवलेलं. मी पाचवीतून सुटलेला. मला इंग्रजीत फक्त 'बंद' आणि 'धोका' वाचता येतं, तेही पाटीचा रंग बघून. मी उभा राहून मान हलवतोय, जसं काही कळतंय. रुसिआते शेजारी आला. "वाचून दाखवू का, तौवू?" आवाजात इतकी माया, की तिथेच संशय यायला हवा होता! बोट ठेवून वाचायला लागला, "पिवळा शर्ट... औषधाने... बरा होतो. बरा होऊन... कॅप्टनच्या बहिणीशी... लग्न करतो. पाद्री येतो. डुक्कर भाजतात. चित्र थांबतं."

मी पळत सुटलो! गावात शिरतानाच ओरडलो, "दादा बरा होतो! दादाचं लग्न आहे!" आई बाहेर आली. आत्या म्हणाली, "मी सांगितलं होतं, घाई करू नका म्हणून!" वहिनी मात्र कमरेवर हात ठेवून, "लग्न? त्या वाळक्या गोरीशी? मेल्यावर हे धंदे?" आणि हसतेय. किती दिवसांनी! त्या दिवशी आमच्या घरात अळूची पानं नारळाच्या दुधात शिजली, शेजारीपाजारी आले, आईने कॅप्टनच्या बहिणीसाठी चटई विणायला घेतली...

आणि दुसऱ्या दिवशी जेवण वाढताना अकोसिता मावशीला मी हे ऐकवलं, तर तिचा डाव हवेतच थांबला. ती शाळेत शिकवायची पूर्वी. "लिवाई, बाळा," ती म्हणाली, "तिथे असं लिहिलंय, की कॅप्टन धक्क्याच्या टोकाला बसलेला असतो, बंदुकीत एकच गोळी उरलेली असते, आणि ती तो पिवळ्या शर्टाच्या डोक्यात मारतो."

कानापर्यंत आला राग! रुसिआते तिथेच कसावा खात बसलेला. मी म्हटलं, "आई चटई विणतेय रे तिकडे!"

त्याने वर बघितलं नाही. म्हणाला, "एक दिवस तरी हसली ना?"

तौवू आहे... रागवायचं नाही! मी तंबूबाहेर जाऊन एका निरपराध नारळाला लाथ मारली. अंगठा अजून दुखतो.

पण त्या दुखण्यातच मला अक्कल आली. एकच गोळी! बंदुकीत एकच गोळी! मग ती मी खाल्ली तर? दुसरी आहेच कुठे? अहो, एवढा साधा हिशेब, मोजायला बोटंसुद्धा लागत नाहीत!

शूटिंगचा दिवस. किनाऱ्यावर अख्खं गाव बघायला आलेलं. दुपारची वेळ, भरती चढायला लागलेली. लांबच लांब लाकडी धक्का, टोकाला कॅप्टन बसलेला, पुढे पिवळा शर्ट, मागे आम्ही सगळे. डंकनची शिट्टी. निघालो. कॅप्टनने बंदूक उचलली, आणि मी रांग मोडून धावत सुटलो, पिवळ्या शर्टाच्या पुढे उडी... ठो! पडलो.

"थांबा! केसाळ! तू काय करतोयस?"

"मेलो, साहेब."

"तू नाही मरायचंस! तो मरायचाय!"

पुन्हा. शिट्टी. पुन्हा मी धावलो, पुन्हा ठो, पुन्हा मेलो. डंकनच्या नाकावरचं मलम वितळलं. "हा झॉम्बी त्या झॉम्बीसाठी जीव का देतोय? झॉम्बीला जीव नसतो!" मला हाकलून दूर छत्रीखाली बसवला, वर दोन माणसं राखणीला. पाणी फळ्यांना लागलेलं. डंकन ओरडला, "आता शेवटचं! काहीही झालं तरी कॅमेरा थांबवायचा नाही, नाहीतर धक्का पाण्याखाली जाईल!"

काहीही झालं तरी. मी ऐकलं. राखणीची दोन माणसं द्रालेकाचीच होती. एक दुसऱ्याला म्हणाला, "अरे, ते बघ, बदक!" आणि दोघे उलटीकडे बघायला लागले. आमच्याकडे त्या बाजूला बदकं नसतात.

मी पळालो. असा पळालो, की केस मागून आले. पिवळ्या शर्टाला ओलांडलं, कॅप्टनने चाप ओढला, ठो! मी पडलो, उताणा, डोळे उघडे. कॅमेरा चालू! आता कॅप्टनची बंदूक रिकामी. तो बघतोय डंकनकडे, डंकन बघतोय पाण्याकडे. पिवळा शर्ट कॅप्टनच्या डोक्यावर उभा. चावला, तर कॅप्टन मेला. त्याचा चार वर्षांचा करार! थांबला, तर सगळं वाया. कोणाला काही सुचेना. मी पडल्या पडल्या रुसिआतेकडे बघतोय. मेलेल्याला मान वळवता येत नाही, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतं.

आणि तो, जो जन्मात कोणापुढे वाकला नाही, तो कमरेत वाकला. इतका वाकला, की शर्टाची बाही फळीला टेकली. आणि दादाच्या आवाजात, अगदी दादाच्या, "तुऽऽऽ... लोऽऽऽ..." म्हणाला, कॅप्टनच्या बाजूने अदबीने पुढे गेला, धक्का संपला तरी गेला, आणि पाण्यात पडला.

पाण्यात. आमच्या बंद समुद्रात. पिवळा शर्ट.

मला आता फक्त आभाळ दिसत होतं. मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन... कोणी हलत नव्हतं. चाळीस. पन्नास. हलायचं नाही, लिवाई, तू मेलायस, हललास तर सगळं गेलं. ऐंशी. नव्वद. शंभर. एकशेदहा. तुम्हाला सांगतो, मेलेल्या माणसाचं काळीज एवढ्या जोरात वाजलेलं कोणी ऐकलं नसेल, माझ्याखालची फळी हलत होती! एकशेपंधरा. एकशेसोळा...

आणि पाणी फुटल्याचा आवाज झाला. किनाऱ्यावरून आधी आत्याची किंकाळी आली, "वर आला!" मग सगळ्या गावाची. त्या गोंगाटातून पायांचा आवाज मला ओळखू आला, पाय ओढत, छपक छपक, पिवळा शर्ट पाण्यातून निघून वाळूवर चढला आणि माडांमध्ये निघून गेला. जिवंत. म्हणजे मेलेलाच, पण जिवंत.

डंकन रडत होता, ब्रॉन्विनबाई रडत होती, कॅप्टन खरोखरचा घाबरलेला होता. लंडनला की कुठे फोन झाला, म्हणे यापेक्षा भारी शेवट होऊच शकत नाही. फक्त डंकन चित्र बघताना एकदा चुकचुकला. "सगळं उत्तम आहे, पण ते केसाळ प्रेत बघा. डोळ्यातून पाणी गळतंय, ओठ हलतायत, आणि हे काय, हसतंय? मेल्यासारखा वाटत नाही हा!"

गावातली मोठी माणसं मात्र भडकली. शंभर दिवसांचा समुद्र मोडला! बैठक बसली, रुसिआतेला मध्ये उभा केला, गावप्रमुखांनी तोंड उघडलं... आणि मिटलं. कारण काय बोलणार? तौवू! त्याने आमचा समुद्र मोडला काय आणि आमचं मडकं उचललं काय, सारखंच! वर विचारतो, "बसून अंग आखडलं, यांगोनाची वाटी प्यायला देणार की नाही?"

आता पुढची गंमत. पिवळा शर्ट वाचला. म्हणून पुढच्या वर्षी तो आहे, मोठ्या फलकावर तोच आहे, मधोमध. म्हणजे रुसिआते आहे! आणि मी? डोक्यात गोळी. एकदा नाही, तीनदा, आणि तिसरी तर सगळं जग बघणार. नियम म्हणजे नियम, दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस. दादा वाचला, रुसिआते कामाला लागला, मेलो मी एकटा!

आणि काल शंभर पूर्ण झाले. समुद्र उघडला, आईने ती चटई दादाच्या थडग्यावर अंथरली, आणि माझे केस कापायला कात्री घेऊन कोण पुढे आला असेल? मी चटईवर मान खाली घालून बसलो. तो मागे उभा राहिला. मग डोक्याला हात लावायच्या आधी, इतक्या हळू की आजीलासुद्धा ऐकू गेलं नाही, म्हणाला, "तुलो, लिवाई."

समुद्रात भिजूनसुद्धा शर्टाला तोच वास येत होता, खोबरेल तेलाचा, दादाच्या.

त्याने डावी बाजू कापली. छान कापली, बेतशीर. मग वाढपाची हाक आली, तशी कात्री माझ्या हातात दिली, म्हणाला, "उजवी पुढच्या वर्षी. तू तर मेलेला आहेस, तुला कोण बघतंय?" आणि माझ्या वाटचं डुक्कर घेऊन जेवायला बसला!

हे बघा. हसू नका. इकडून बघा, इकडून माणूस... आणि इकडून हे जंगल. आला होता हो, कानापर्यंत आला होता राग! पण राग जातो डोक्यात, आणि माझं डोकं असं अर्धं... त्याची राहिलेली टाळी मीच वाजवली. तौवू आहे... रागवायचं नाही!